बिनसेलचं बटण
पासपोर्ट शोधताना ड्रॉवरमध्ये ते पांढरं बटण हाती लागलं, आणि अड्याळच्या घरातली एक दुपार आठवली. आईला लकवा झाला होता, आवाज अंगणापर्यंत पोचत नसे. तिच्या उशाशी असलेल्या बेलचे सेल सारखे संपत, म्हणून मी आमच्या कंपनीत बनवलेलं बिनसेलचं बटण घेऊन गेलो. दाबणाऱ्याच्या बोटाच्या जोरावरच त्यात वीज तयार होते, बारीक दिवा लागतो आणि दूर ठेवलेली घंटी वाजते. तिच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून मी दाबून दाखवलं, घंटी वाजली, आणि जुनी बेल मी काढून ठेवली. दुपारी बाबा आणि मी अंगणात धान वाळवत होतो. उन्हात तापलेल्या धानाचा वास होता, घंटी खिडकीत होती, ती वाजली नाही. दोन तासांनी आत गेलो तर चादर ओली होती आणि आईचा अंगठा अजून बटणावरच होता. "केव्हाची दाबून राहिली ना बाबू," ती हळू म्हणाली. "तुयं बटन चांगलं हाये. माह्याच बोटात जोर नाही." मी चादर बदलली. बाहेरून बाबांनी विचारलं, "काहून रे, काय झालं?" "काही नाही," म्हणालो, आणि सेल आणायला बाजारात गेलो. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ड्रॉवरपाशी उभं राहून मी बटण दाबलं. दिवा लागला. माझ्या अंगठ्यानं तो नेहमीच लागायचा.