दोन किलोच्या आत

माझा धंदा वाकळी परदेशी पाठवायचा. जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक लावून बारीक टाक्यांनी शिवलेल्या, आमच्या भागात घरोघरी असतात तशाच वाकळी. उमरग्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत. तिथं एक टेबल, एक वजनकाटा आणि कापडाचे गठ्ठे. तिकडचे लोक फोनवर फोटो बघून ऑर्डर देतात, मी पोस्टानं पाठवतो.

सुरुवातीला टपालखर्चानं मला जेरीस आणलं. वाकळीच्या किमतीइतकंच टपाल लागायचं. गिऱ्हाईक रंग निवडायचं, माप विचारायचं, आणि शेवटी टपालाचा आकडा बघून गप्प व्हायचं. पोस्टातल्या बाईंना एकदा माझी कीव आली. "दोन किलोच्या आत आणा की हो," त्या म्हणाल्या. "आत असलं तर छोट्या पाकिटाचा दर लागतो. वर गेलं की पार्सल."

त्या दिवसापासून दोन किलोच्या मागं लागलो. खोका गेला, कापडी पिशवी आली. आतला पुठ्ठा गेला. वाकळ कुणी शिवली ते सांगणारं जाड कार्ड गेलं. चिकटपट्टीसुद्धा मी जपून लावू लागलो. तरी काटा दोनच्या पुढंच जायचा, कारण वाकळच जड होती.

थर लावायचं काम गावाकडं, माकणीला माझी आत्या करायची. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांनी अधू, पण हात शहाणा. ती अंगणात लुगडी अंथरायची, तळहातानं सुरकुत्या मोडायची आणि लांब लांब कच्च्या टाक्यांनी थर एकमेकांना धरून ठेवायची. ते मी उमरग्याला आणून इथल्या बायकांकडून बारीक शिवून घ्यायचो. वरचा पदर, खालचा पदर आणि मधलं ते पोट, असं तिचं बोलणं. दिसायला चांगलं ते वर, आणि जीव लावलेलं ते पोटात, हा तिचा नेम.

मी तिला म्हणालो, "आत्या, पोट नको आता. दोनच पदर लावा. वजन होतंय."

"दोन पदराची?" ती हसली. "मग वाकळ कशाला म्हनतूस? दस्ती म्हन. दे गोऱ्यांना नाक पुसायला."

"टपाल लई लागतंय, आत्या."

"मग टपालवाल्याला उपाशी ठेव. वाकळंला कशाला ठेवतूस?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही. पण उमरग्याला आणल्यावर कच्चे टाके ब्लेडनं कापायचे, पोट ओढून काढायचं आणि उरलेले दोन पदर पुन्हा तसेच टाचून बायकांकडं द्यायचे, हे मी दार लोटून घेऊन स्वतः करू लागलो. गिऱ्हाइकाला फरक कळत नव्हता. तिकडं वाकळ भिंतीवर टांगतात, नाहीतर सोफ्यावर टाकतात. निघालेली पोटं मी हायवेवरच्या गॅरेजवाल्याला पुसायला देऊन टाकायचो. जुनं सुती कापड तेल चांगलं पितं, म्हणून तो खूश असायचा.

मग ती ऑर्डर आली. फोन करणारी बाई माकणीचीच होती, बौद्ध वस्तीतली. परदेशात नर्स होती. तिची आई वारली तेव्हा तिला येता आलं नव्हतं.

"आईच्या लुगड्यांची वाकळ पाहिजे, दादा," ती म्हणाली. "आत्यांच्या हातची."

तिच्या भावानं गाठोडं आत्याकडं आणून दिलं. दोन रंगीत लुगडी आणि एक पांढरं. रंगीत नेसून तिची आई आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली. पांढरं विहारात वंदनेला जायचं. ते तिनं कुणाला धुवायला दिलं नव्हतं म्हणे, आणि स्वतः धुऊन धुऊन सायीसारखं मऊ केलं होतं. आत्यानं ते गालाला लावलं, मग खालच्या रंगीत पदरावर अंथरलं आणि वर दुसरं रंगीत ओढलं. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. त्यामुळं मला ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

हाताच्या सवयीनं टाके कापले गेले, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. पांढरं कापड बोटांना लागलं तेव्हा मी थांबलो होतो. वाकळ काट्यावर ठेवली. थोडक्यात वर जात होती, अगदी थोडक्यात. आपल्या गावची म्हणून मी तिच्याकडून टपाल कमीच घेतलं होतं, आणि आता ते कमी घेतलेलं मला टोचू लागलं. आत कोण बघतंय, हे शब्द मनात आले. मी पांढरं ओढून काढलं आणि बाकीच्या पोटांवर टाकलं. दोन दिवसांनी गठ्ठा गॅरेजला गेला.

वाकळ पोचली तसा तिचा फोन आला.

"दादा, आईचं पांढरं कुठं हाय हो? वर दिसत न्हाय."

"ते पोटात असतं," मी म्हणालो.

"कुठल्या अंगाला?"

त्या वेळी सांगता आलं असतं. मी म्हणालो, "मधोमध."

"थांबा हं." फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग ती परत आली. "हां, सापडलं. हितं जरा जाड हाय. पोरीला हितंच निजवते आता. तिनं आज्जीला बघितलंच न्हाय."

फोन ठेवल्यावर मी तसाच उठून गॅरेजला गेलो. पांढरं लुगडं आलं होतं का, असं विचारलं.

"कसलं पांढरं?" गॅरेजवाला हसला. "हितं आलं की सगळ्यांचा रंग एकच, साहेब." त्यानं कोपऱ्यातला ढीग दाखवला. मी बसून एकेक फडकं उलगडलं. सगळी काळी, ताठरलेली. काही तुकडे ट्रकवाल्यांनी काचा पुसायला नेले होते. ते आता कुठं सोलापुराकडं, कुठं हैदराबादकडं.

त्यानंतर मी पोटं काढणं सोडलं, दर वाढवले, गिऱ्हाइकं घटली. पण त्यानं काही सुटलं नाही. रस्त्यावर एखादा क्लीनर खांद्यावरच्या फडक्यानं आरसा पुसताना दिसला की माझे पाय थांबतात. घरी अंथरुणावर पडलो की माझा हात आपोआप माझ्या वाकळीवर फिरतो. इथं जाड आहे का, तिथं आहे का. बायको विचारते, काय शोधताय? मी काय सांगणार? ते लांबच्या देशातलं लेकरू तिथं नसलेल्या आजीवर डोकं टेकून झोपलेलं आहे, आणि ती जागा मी दाखवलेली आहे.

दोन वर्षांनी ती नर्स गावी आली. आत्याला वाकळ दाखवायची म्हणून बरोबर घेऊन आली. उमरग्याच्या स्टँडवरून मी तिला गाडीत घेतलं. माकणी येईपर्यंत सांगायचं ठरवलं होतं. ती धरणाचं पाणी, उसाचे फड बघत राहिली, मुलीबद्दल बोलत राहिली, आणि मी प्रत्येक फाट्यावर पुढच्या फाट्याचा वायदा करत राहिलो.

आत्यानं तिला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला. मग तिनं वाकळ दोन्ही हातांवर तोलली, जसं बाळाला घेतात तशी. तिचा चेहरा बदलला.

"ही हलकी हाय," आत्या म्हणाली.

आत्यानं कड चिमटीत धरली, बोटांनी पदर मोजले. एकदा, पुन्हा एकदा.

"म्या तीन लावले हुते. हिचं पोट कुठं गेलं रं?"

मग मी सांगितलं. दोन किलो, ब्लेड, गॅरेज, सगळं. फोनवर 'मधोमध' म्हणालो तेही. बोलताना मी अंगणातल्या फरशीकडं बघत होतो. माझं बोलणं संपल्यावर आत्यानं वाकळ त्या बाईच्या मांडीवर ठेवली आणि माझ्याकडं पाठ करून बसली. आत्या माझ्याकडं पाठ करून बसल्याचं मला त्याआधी आठवत नाही.

ती बाई वाकळीकडं बघत होती. रडली नाही. नर्सची सवय असेल.

"उसवते मी," आत्या शेवटी तिला म्हणाली. "तुज्या आईचं दुसरं काय असंल तर आण. न्हायतर माजं घालते."

"नगं, आत्या. उसवू नका."

"अगं, पण रिकामी हाय ती."

"पोरीला ती जागा पाठ हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "तिला कुनी काय सांगायचं न्हाय. तुमी बी न्हाय, दादा."

मी मान हलवली. म्हणजे मी केलेलं खोटं आता तिनं आपल्या अंगावर घेतलं होतं. तिला ते तिकडं रोज अंथरायचं होतं.

ती उठली. वाकळ झटकली आणि दोन टोकं माझ्यापुढं केली. मोठी वाकळ एकट्यानं घडी होत नाही. मी टोकं धरली. ती चार पावलं मागं सरली, आम्ही कापड ताणलं, दुमडलं, पुन्हा दुमडलं. शेवटच्या घडीला ती जवळ आली तेव्हा मधला भाग माझ्या तळहाताखाली होता. मी दाबून पाहिलं. न राहवून पाहिलं.

तिनं ते बघितलं.

"लागतंय का काही?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती.

हो म्हणणं सोपं होतं. आधी म्हणालोच होतो.

"न्हाय," मी म्हणालो.

तिनं घडी माझ्या हातातून काढून घेतली आणि छातीशी धरली.

"मला लागतंय," ती म्हणाली, आणि आत्याच्या पाया पडायला खाली वाकली.