मागेमागे सरकणारी पावलं

भाताच्या रोवणीच्या चिखलाचा वास आला की पवनीच्या सभागृहातली ती संध्याकाळ आठवते. नोकरी सोडून नाचाकडे वळलेली माझी लेक रेवा मंचावर वाकून मागेमागे सरकत होती. गाणं नाही, घुंगरू नाहीत. घरी गेल्यावर तिला काय काय सुनावायचं, ते मी मनात क्रमवार लावत होते.

शेजारी माझी माय होती. जन्मभर चिखलात वाकून, मागेमागे सरकत रोवणी केलेली. तिनं हात दाबला. "पोरगी धानाच्या बांधीत एकटीच हाये. बाकीच्या बाया कुठी गेल्या?"

"माय, नाच हाये तो."

"मले दिसते. पर एकटीनं कशी पुरी पडंल?"

तोवर मी रेवाची फक्त सुटलेली नोकरी पाहत होते; तिची रोवणी आता दिसली. मायला उठवलं आणि आम्ही दोघी पहिल्या रांगेत, रेवाला दिसू अशा, जाऊन बसलो.