बिनवासाची चादर

शेजारच्या अण्णांना बघायला गेले होते. लकव्याने त्यांची वाचा गेली आहे. त्यांची सून कौतुकाने म्हणाली, "काकू, चादरीला हात लावून बघा. सुतीच आहे, पण चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण बसवलेत. जंतू मरतात, वास धरत नाही. कितीही धुवा, गुण जात नाही."

खरंच, खोलीत वास म्हणून नव्हता.

पूर्वी तो पार जिन्यापर्यंत यायचा. मग नाक मुरडत, चरफडत का होईना, कुणीतरी उठायचं, अण्णांना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं. मुक्या माणसाजवळ तेवढीच एक हाक उरली होती. आता तीही बंद झाली. सोय सोय म्हणतात ती हीच. दुसऱ्याचं दुखणं आपल्या नाकापर्यंत पोचू नये, एवढीच.

"रोज बदलता?" मी विचारलं.

"छे! रविवारी. वासच येत नाही ना."

अण्णा माझ्याकडे एकटक बघत होते. त्यांना वळवावं म्हणून मी खांद्याखाली हात घातला. पाठ चादरीला चिकटली होती.

"काकू, जपून," सून घाईने पुढे आली, "महागाची आहे."