कानाने लावलेलं मिक्श्चर

माझे कान चाललेत, हे मी गॅरेजात कुणालाच सांगितलं नव्हतं. मिस्त्रीचे कान गेले, तर त्याच्याकडे उरलं काय? कार्बोरेटरच्या दिवसांत मी स्क्रू जरासा फिरवायचो आणि इंजिनचा सूर ऐकून हवा-पेट्रोलचं मिक्श्चर लावायचो. त्यासाठी अंबरनाथ एमआयडीसीतले साहेबलोक गाड्या घेऊन माझ्याकडे उल्हासनगरला यायचे. आता तो स्क्रूच नाही. सायलेन्सरच्या पाइपात सेन्सर असतो. जळलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, ते तो काँप्युटरला कळवतो. जास्त उरला की काँप्युटर पेट्रोल वाढवतो, कमी उरला की तोडतो. मेल्याला कान लागतच नाहीत, नुसतं नाक पुरतं!

परवा जुने गिऱ्हाईक, आमचे कापडवाले शेठ, गाडी घेऊन आले. गाडी फार पेट्रोल पीत होती. प्लग काढले तर काजळीने काळे, म्हणजे पेट्रोल जास्त. स्कॅनर लावला तर तो म्हणतो, पेट्रोल कमी पडतंय, काँप्युटर वाढवतोय. फिल्टर बदलला, इंजेक्टर धुतले, सेन्सरही नवा टाकला. फरक शून्य. मी हात टेकले.

"भाऊ, ये नीचे से फट-फट कसली येते?" शेठ सहज म्हणाले.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. पाइपाच्या जोडाजवळ हात नेला, तेव्हा गरम फुंकर लागली. सेन्सरच्या अलीकडचं पॅकिंग जळालं होतं. तिथून धूर फुंकला जायचा, नि दोन फुंकरांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जायची, आणि तोच उरलेला ऑक्सिजन समजून काँप्युटर पेट्रोल ओतत सुटला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा. गिऱ्हाइकाला ऐकू आलं, मला नाही.

नवं पॅकिंग टाकून गाडी चालू केली. स्कॅनरवर सगळं जागेवर आलं. तो काढून ठेवला, हात पुसले नि पुन्हा सीटवर बसलो. आता इंजिन इतकं मऊ चालत होतं की स्टिअरिंगलाही थरथर नव्हती. मला वाटलं, बंद पडली. इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या समोरच्या काट्याकडे बघायची सवय मला जन्मात लागली नाही. पुन्हा चालू करायला मी किल्ली फिरवली.

शेठनी खिडकीतून माझं मनगट धरलं. "अरे भाऊ, चालू है गाडी! क्या कर रहे हो?"

मी हसून काहीतरी बोललो. ते हसले नाहीत. पुढच्या वेळी ते गाडी दुसरीकडे नेतील. मीही नेली असती.