पंधरा ऑगस्टची सुई

शिक्का मारण्याआधी तुळशीरामकाका त्यावर तोंडाने 'हाः' करून वाफ सोडायचे. शाईचा पॅड होता, पण तो कायम सुकलेला, आणि नवीन पॅडला पैसे पडतात, तोंडची वाफ फुकट. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांचे शिक्के असत. गोल, लांबट, चौकोनी, सिंहवाले, बिनसिंहाचे. कोणता शिक्का कोणाकडे असावा याचे सरकारात काही नियम असतील, काकांना ते लागू नव्हते. धुळ्याला कोर्टाच्या बाजूला त्यांची टपरी होती आणि तिच्यावर पाटी होती, 'टी. आर. साहेब – पासपोर्ट, व्हिसा, फॉरेन'. यातलं 'फॉरेन' म्हणजे ते नक्की काय करून देणार होते, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे. मी बोलणार आहे.

हे काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. शिक्षण नववी नापास. स्वतः परदेशात गेले होते ते एकदाच, नेपाळला, जिथे आपल्या माणसाला व्हिसा लागतच नाही. पण तेवढ्या भांडवलावर त्यांनी अख्ख्या खान्देशाला परदेशी जायचे धडे दिले. मस्कतला निघालेला वेल्डर असो की अमेरिकेत मुलीच्या बाळंतपणाला निघालेली म्हातारी असो, काका त्यांना टपरीत समोर बसवायचे, डोळ्यांवर गॉगल चढवायचे आणि व्हिसाचा साहेब होऊन दरडावायचे, "व्हाय यू गो?" म्हातारी घाबरून लुगड्याचा पदर तोंडात धरायची. मग काका गॉगल काढून म्हणायचे, "बघा, इथेच भ्यालात! बरं असू द्या. मी आहे ना!"

'मी आहे ना' हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य असं, "माणूस खोटा असला तरी चालतो, कागद खरा दिसला पाहिजे." हे सांगताना त्यांचा चेहरा कीर्तनकारासारखा व्हायचा.

आणि तारखांचं तर विचारूच नका. आमच्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या लोकांना आपली जन्मतारीख ठाऊक नसायची. मग काका प्रतिज्ञापत्र करून द्यायचे. तारीख टाकायची ती एकतर सव्वीस जानेवारी, नाहीतर पंधरा ऑगस्ट. का? तर, "तारीख अशी पाहिजे की साहेबाने झोपेतून उठवून विचारली तरी माणूस चुकला नाही पाहिजे." पाचोऱ्याच्या दोघा सख्ख्या भावांना त्यांनी एकाच वर्षातली सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्ट दिली. पासपोर्टच्या कारकुनाने विचारलं, एका आईला साडेसहा महिन्यांत दोन पोरं कशी झाली? दोघे बिचारे तोंडं पाडून परत आले. काका काय म्हणाले असतील? "त्याला सांगायचं होतं, खान्देशची काळी जमीन आहे बाबा, पीक लवकर येतं." टपरीतली सगळी माणसं हसली. ते दोघे भाऊसुद्धा हसले, आणि नव्या प्रतिज्ञापत्राचे पैसे देऊन गेले. लोकही असे, मग काका तसे असणारच.

माझे वडील, आबा, पारोळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. कान इतका तयार की नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं सांगायचे. टांझानियात एका गुजराती शेटची जिनिंग होती, तिथून एका हंगामासाठी बोलावणं आलं. माझं लग्न ठरलं होतं. मुलगा दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला. लग्न माघातलं. आबा म्हणाले, हंगाम करून येतो, लग्नाच्या चार दिवस आधी दारात उभा राहतो. आणि मला जवळ घेऊन म्हणाले, "पोरी, तुनं कन्यादान माले करनं शे, दुसरा कोनले करू देवाव नही." आबा एरवी असलं काही बोलणारे नव्हते, म्हणून ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

शेटच्या पत्रात काय काय लागेल ते लिहिलं होतं. पासपोर्ट, व्हिसा, आणि पीतज्वराची लस टोचल्याचं पिवळं कार्ड. त्या तापाच्या मुलखातून कार्डाशिवाय परत आलं तर भारतात उतरल्यावर सहा दिवस वेगळं कोंडून ठेवतात, हेही लिहिलं होतं. मी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. लस तेव्हा आमच्या भागात कुठेच मिळायची नाही, मुंबईला जावं लागायचं. आबा लगेच तयार झाले. पण नेमके काका आमच्याकडे जेवायला आलेले. भरीत-पुरीवर आडवा हात मारत म्हणाले, "एका सुईसाठी मुंबई? दोन दिवस मोडणार, गाडीभाडं, वर खाणं. त्यात हात सुजला म्हणजे? मी आहे ना!"

मी म्हटलं, "काका, पत्रात स्पष्ट लिहिलंय, तिकडून परत येताना—"

"तू बी. ए. करतेस ना? कर. मला पुरी वाढ आधी."

आणि मी वाढली! तीच पुरी तोंडावर फेकून मारली असती तर बरं झालं असतं, असं पुढे मला हजार वेळा वाटलं.

आठ दिवसांनी कार्ड आलं. पिवळं, छापील, वर गोल शिक्का. 'हाः' केल्याशिवाय तो उमटला नसणार. आणि लस टोचल्याची तारीख, अर्थातच, पंधरा ऑगस्ट. काकांनी आबांना पढवलं, "विचारलं तर डावा हात सांगायचा." आबांनी कार्ड पासपोर्टात ठेवलं. भावावर विश्वास ठेवायचा असतो, एवढंच त्यांना माहीत.

जाताना कोणी कार्ड नीट पाहिलंही नाही. त्यावर काका महिनाभर टपरीत मिशीला पीळ देत होते.

लग्नाच्या चार दिवस आधी, सकाळी, आमच्या गल्लीतल्या मारवाडी शेटच्या दुकानातून निरोप आला, फोन आहे म्हणून. माझे हात हळद दळून माखलेले. तशीच धावले. पलीकडून आबांचा आवाज आला.

"पोरी, मी मुंबईमा शे. पन माले सहा दिन सोडाव नहीत. लगीन थांबाडू नका."

झालं होतं असं. विमानतळावर तपासणाऱ्या डॉक्टरांनी कार्ड हातात घेतलं, तारीख पाहिली आणि हसलेच. "पंधरा ऑगस्टला आमचं लसीचं केंद्र बंद असतं हो. झेंडावंदन करून आम्हीही घरी जातो. कुठल्या हाताला टोचलं?" आबांनी डावा हात सांगायचा होता. आबा म्हणाले, "टोचलंच नही साहेब." त्या डॉक्टरांना आबांची दया आली असावी, पुढे काही प्रकरण केलं नाही. पण नियम तो नियम. जाळी लावलेल्या एका खोलीत सहा दिवस, डास चावून तो ताप पुढे पसरायला नको म्हणून.

मी रडत घरी आले तर ओट्यावर काका. लग्नाच्या कामाला म्हणून आदल्या दिवशीच येऊन बसलेले. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी मान खाली घालतील. काका म्हणाले, "पंधरा ऑगस्ट ही राष्ट्रीय तारीख आहे. तिच्यावर संशय घेतो म्हणजे त्या डॉक्टरला देशाभिमानच नाही."

मुलाकडचे भले होते, पण मुहूर्त पुढचा तीन महिन्यांनी, पत्रिका वाटून झालेल्या, मंडपाचं सामान दारात पडलेलं. माय भिंतीला टेकून नुसतं एकच विचारत होती, "कन्यादानले कोन बसी?" आबांना सख्खा भाऊ नव्हता. घराण्यातलं सगळ्यात जवळचं माणूस कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलायच्या आत ओट्यावरून आवाज आला.

"मी आहे ना!"

मला सांगा, लाज नावाची काही चीज असते की नाही? ज्याने माझ्या बापाला तिकडे अडकवलं, तोच पीतांबर नेसून, डोक्याला फेटा बांधून, माझ्या बापाच्या पाटावर येऊन बसला. काकूही बसली, तिचा बिचारीचा काय दोष. भटजींनी मंत्र म्हटले. काकांनी माझा हात धरून नवऱ्याच्या हातात दिला, वर पाण्याची धार सोडली. मी खाली मान घालून बघत होते. त्यांच्या बोटांच्या टोकांना शिक्क्याची जांभळी शाई होती. पाण्याने ती थोडी सुटली आणि माझ्या तळहातावर आली. मेंदीवर ती कोणाला दिसली नाही. मला दिसली.

लग्नानंतर तीन दिवसांनी आबा पारोळ्याला पोचले. मी तोवर सासरी. ते दीपनगरला आले, क्वार्टरच्या दारात पिशवी खाली ठेवून उभे राहिले. मला वाटलं होतं ते काकांना शिव्या घालतील.  पण ते एवढंच म्हणाले, की मुहूर्ताच्या वेळी त्यांनी मुंबईला कोंडलं होतं तिथल्या स्वयंपाक्याकडे मूठभर तांदूळ मागितले. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला जेवण पुरलं नाही. तांदूळ मिळाले ते त्यांनी घड्याळ बघून खिडकीच्या जाळीवर टाकले. सगळे आतच परत पडले, मग ते वेचून त्याला नेऊन दिले.

आणि काका? काकांनी त्या कन्यादानावर पुढची सहा-सात वर्षं काढली. टपरीत आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "पुतणीचं कन्यादान मी केलं. वेळेला उभा राहतो तो आपला माणूस." अल्बममधला तो फोटो त्यांनी मोठा करून टपरीत लावला होता, 'फॉरेन'च्या पाटीच्या आतल्या बाजूला. मी एकदा जाऊन सांगितलं, काढा तो. म्हणाले, "अगं, त्याने गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो."

ते गेले तेव्हा मी धुळ्याला गेले होते. अंगणात माणसं सांगत होती, केवढा परोपकारी माणूस, किती घरांचं भलं केलं. आबासुद्धा मान डोलवत होते. मी चहा अर्धा टाकून उठले. मला रडू आलं नाही, आणि आलं नाही याचं वाईटही वाटलं नाही.

पुढे माझ्या नवऱ्याला आफ्रिकेतल्या एका वीज प्रकल्पावर दोन वर्षांसाठी पाठवलं. तो आधी गेला, मी मागून निघणार होते. यादीत तेच पिवळं कार्ड. मी मुंबईला जायला निघाले तर आबा पारोळ्याहून भुसावळ स्टेशनात हजर. आता सत्तरीला आलेले, गुडघे दुखतात. "मी बी येस," एवढंच म्हणाले. गाडीत रात्रभर बसून आले.

केंद्रावर रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा नर्सने आधी कार्ड भरलं. आबांनी ते तिच्या हातातून जवळपास ओढूनच घेतलं, तारीख वाचली आणि विचारलं, "आज काय वार शे?" ती म्हणाली, "मंगळवार." आबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्यांनी कार्ड परत दिलं. तिने त्यावर शिक्का मारला. वाफ न सोडता, सरळ, एका ठोक्यात.

मग तिने माझ्या दंडाला कापूस लावला आणि सुई टोचली. मुंगी चावावी इतकंच लागलं. दहा मोजेपर्यंत झालंसुद्धा, आणि तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

आबा तिथेच उभे होते. माझ्या दंडावरच्या त्या बारीक थेंबाकडे बघत राहिले. मागची माणसं सरका म्हणून ओरडत होती. मी त्यांचा हात धरला, तेव्हा ते हळूच म्हणाले,

"इतलंच व्हतं?"