गाळातला लाल झेंडा

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी, मुडबीजवळ धरणाच्या मागच्या पाण्यालगत, मी लाल झेंड्याची काठी गाळात रोवली आणि थोड्या वेळाने उपटून घेतली. जागा हरभऱ्याच्या एका पट्टीच्या कडेला होती.

झेंडा सायकलचा होता. त्या दिवसांत रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या धावतात, आणि ट्रॅक्टरवाल्याला पुढची सायकल दिसेलच याची खात्री नसते. म्हणून मी कॅरियरला काठी बांधून तिला लाल फडकं लावतो. आदल्या दिवशी बीदरहून बसच्या टपावर सायकल टाकून मुडबीला आलो होतो. तिथे माझी मामेबहीण शाळेत शिकवते. बेत साधा होता. पाण्याच्या कडेने निघायचं, पुलावरून गुलबर्ग्याच्या हद्दीत शिरायचं आणि दुसऱ्या काठाने संध्याकाळी परत यायचं.

धरणाचं पाणी दिवाळीनंतर ओसरू लागतं. मागे उघडा पडलेला काळा गाळ ओला असतानाच लोक पेरतात. ज्याचं शेत धरणात गेलं त्याने आपल्या बुडालेल्या शेतासमोरची पट्टी पेरायची, असा गावचा करार आहे. तो कुठे लिहिलेला नाही. जमीन सरकारची आहे आणि पीक पेरणाऱ्याचं. मोजणी झाली तर पट्टी सोडावी लागेल, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

गाळापलीकडे पाण्याच्या कडेला राजहंस बसले होते. जवळ जाता येईल का हे बघायला मी काठी सोडवून गाळात खुपसली. ती वीतभर आत गेली आणि उभी राहिली. तिला तशीच सोडून मी दुर्बीण काढली.

हरभऱ्यातून एक बाई उठून आली. पन्नाशीची असावी. पदर कमरेला खोचलेला, हातात विळा.

"काय मोजायलाव सायब?"

"काही नाही मावशी. पक्षी बघतोय."

"पक्षी बघायला झेंडा कामून लागतंय?"

"तो ट्रॅक्टरवाल्यांना दिसावा म्हणून आहे."

तिने पाण्याकडे पाहिलं. "हितं कोण ट्रॅक्टर चालवायलाय? बदकं व्हय?"

मी हसलो. ती हसली नाही. मी काठी काढून घेतली. मग सवयीने विचारलं, पट्टी कुणाची, पाणी कधी हटलं, शेजारी कोण पेरतं.

"तुमाला कामून पायजे?"

"सहजच. मी पेपरात होतो."

"होता. मग आता कुनाकडं हाव?"

निवृत्त झालो, असं सांगितलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही. "मागं एक जण आला. मासे बघायलाव म्हनला. लई ग्वाड बोलला. उनाळ्यात आमच्या पानी उपसायच्या मोटारी उचलून न्हेल्या." ती विळा हातात घेऊन, मी रस्त्याला लागेपर्यंत तिथेच उभी होती.

पुढच्या गावाआधी एक मोटारसायकल मागून आली, माझ्या बरोबरीने थोडं चालली आणि पुढे गेली. स्वाराने तोंडाला मफलर गुंडाळला होता. पूल ओलांडल्यावर तीच गाडी एका हॉटेलासमोर उभी दिसली. मी चहा मागितला. हॉटेलवाल्याने कप ठेवता ठेवता कन्नडमध्ये विचारलं, "सर्वे, सार?" मी नाही म्हणालो. त्याने मफलरवाल्याकडे पाहिलं, आणि दोघेही माझ्याकडे पाहू लागले. झेंड्याची बातमी माझ्या आधी नदी ओलांडून आली होती. ती कुणी कळवली, हे समजलं नाही.

सायकल हॉटेलच्या बाजूला, माझ्या नजरेआड होती. निघालो तेव्हा मागचं चाक बसलेलं होतं. ट्यूबमध्ये बाभळीचा काटा निघाला. मी आलो त्या वाटेवर बाभळी होत्या, आणि हॉटेलमागच्या कुंपणावरही बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या. काटा वाटेत रुतला की कुणी टोचला, हे सांगता येणार नाही. पंक्चर काढत असताना मदतीला कुणी आलं नाही. बघायला मात्र बरेच जण होते.

तिथून निघताना मी फडकं सोडून पिशवीत घातलं. उसाच्या गाड्यांची भीती होतीच, पण त्या वेळी दुसरी जास्त वाटली. दुपारी एका ओढ्यावर मफलरवाला पुन्हा भेटला. या वेळी गाडी थांबवून बोलला.

"झेंडा कुठं गेला सायब?"

"पिशवीत आहे."

"मजी काम झालं म्हना की."

पुढच्या पाणथळीत चक्रवाक होते, असं माझ्या फोनमधल्या छायाचित्रांवरून दिसतं. त्या वेळी मी बहुतेक मागेच बघत होतो.

संध्याकाळी बहिणीला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "गाळात लाल फडकं रोवलंस? अण्णा, मोजणीवाले आले की पहिलं तेच करतात. लहान पोरालाबी ठाऊक आहे इथं."

"तू सांगशील ना त्यांना?"

"सांगते. पण तू आता तिकडं समजावायला जाऊ नको. पेपरवाले समजवायला लागले की लोक जास्तच घाबरतात."

पट्टीच्या खुणेवरून बहिणीने ती बाई ओळखली; तिची नात बहिणीच्याच शाळेत होती. सोमवारी नातीला न्यायला आलेल्या आजीला बहिणीने गाठलं. तो माझा भाऊ, त्याला पक्ष्यांचा नाद आहे, दुसरं काही नाही, असं सांगितलं. बाईने शांतपणे ऐकून घेतलं. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "तुमचेच भाऊ हायत, तर तुमाला ठावं असंल बाई. कवा मोजनार हायत तेवढं सांगा. दुसऱ्या कुनाला सांगत न्हाई मी."

कुणी मोजणार नाही, असं बहिणीने दोनदा सांगितलं. "व्हय, व्हय," म्हणत बाई नातीचा हात धरून निघून गेली. हे बहिणीने मला त्याच संध्याकाळी फोनवर कळवलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा मुडबीला गेलो. सायकल नेली नाही. पाण्यापर्यंत चालत गेलो. शेजारच्या पट्ट्यांमधला हरभरा उभा होता. त्या बाईची पट्टी मोकळी होती. पीक मुळासकट उपटून नेलेलं होतं. बांधावर काही ढाळे पडले होते, हिरवेच. मी दोन-तीन घाटे फोडून पाहिले. दाणा भरलेला नव्हता.

मार्चअखेरपर्यंत तिथे मोजणीला कुणीही आलं नव्हतं.