पाय मागे घेणारे मास्तर

कराटेच्या मास्तरांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: लाथ मारली की पाय मागे घ्यायचा. आधी गुडघा वर, मग झटका, आणि पाय लगेच जागेवर. ज्याचा पाय हवेत रेंगाळला त्याचा घोटा मास्तर पकडत आणि त्याला लंगडी घालायला लावत हॉलभर फिरवत. "पुढे राहिलेला पाय आपला नसतो, समोरच्याचा असतो," असं वर ऐकवत. बँकेतले एक भारदस्त साहेबसुद्धा या वरातीतून सुटले नव्हते, आणि त्याची गोष्ट मास्तर घरी रंगवून सांगत.

स्वयंपाकघर रंगवून देतो, असा शब्द त्यांनी बायकोला मोठ्या तोऱ्यात दिला होता. रविवारी सकाळी तिनं भांडी बाहेर काढली, शिडी लावली, रंगाचा डबा उघडला. मास्तर खुर्चीतूनच विव्हळले, "आज कंबर धरलीय गं."

"म्हणजे ऐन वेळी पाय मागे घेतलात?"

"तीस वर्षं मी दुसरं काय शिकवतोय?" मास्तर मिशीतल्या मिशीत हसले आणि खाली पडलेला पेपर उचलायला झकास वाकले.

धरलेली कंबर इतकी छान वाकते, हे बायकोनं पाहिलं. ती शिवणकाम करायची, तिच्या चिमटीतून दोराही निसटत नसे. तिनं मास्तरांचा कान धरला आणि शिडीकडे चालू लागली.

"पाय घेतलात मागे," ती म्हणाली, "पण कान पुढेच राहिला. आता तो माझा."